आईची लाल खुर्ची

हेगविश, शिकागो
जानेवारी, बर्फाखाली

आदरणीय यादविगाताईस,

धाकट्या ब्रोनियाचा मनापासून नमस्कार. गुडघे कसे आहेत? अॅरिझोनाच्या उन्हात बरेच असणार. पण घरी येण्याचा विषय काढला की विमानाची तुला भीती, आणि गाडीने यायचं तर गुडघे आडवे येतात (माझेही करकरतात, पण मी त्यांना बर्फ उपसायला लावते). आई गेल्यापासून तू इकडे फिरकली नाहीस, हे मी बोलून दाखवणार नव्हते.

तर प्रदर्शनाच्या उद्घाटनाचं सांगते. पोलादाचा कारखाना बंद पडला. त्याच्या आठवणी म्हणून आता चर्चच्या सभागृहात कुणाचा पोचे आलेला डबा, कुणाचे कामावरचे बूट असं मांडलंय, आणि मधोमध आईची स्वयंपाकघरातली लाल खुर्ची ठेवायची होती. बाबा रात्रपाळीला निघाले की त्यांनी गाडीसाठी बर्फ उपसून मोकळ्या केलेल्या जागेत आई ती ठेवायची, आणि ते परत येईपर्यंत ती हलवायची किंवा तिथे गाडी लावायची कुणाची छाती नसायची. शेजारच्या काझिकने खुर्ची आणली, सभागृहासमोर कुणीतरी छान उपसलेल्या जागेत क्षणभर टेकवली, मग तो गाडी लांब लावून आला आणि खुर्ची विसरून कॉफीच्या वासामागे थेट आत गेला (काझिकला तू ओळखतेसच). आत चौथरा रिकामा! प्रदर्शनाच्या हॅलोवेबाई कॅलिफोर्नियाच्या (तिकडे बर्फ कुठला!), बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. लोक भिजलेल्या बुटांनी येत होते. नगरसेवक तर मोजे पिळतच आला. खुर्ची सगळ्यांनी पाहिली होती. कुणाची तरी जागा आहे म्हणून सगळे गाड्या लांब लावून बर्फातून चालत आले होते.

"अहो, मग उचलून आणा ना!" बाई म्हणाल्या.

"तुम्हीच उचला," काझिक म्हणाला, "आम्हाला इथे राहायचंय."

मीही हलले नाही. खुर्ची आपली, पण जागा मी कुठे उपसली होती? शेवटी बाईंनी आतली माहितीची पाटी काढली आणि बाहेर जाऊन खुर्चीला अडकवली. सगळी गर्दी तिच्याभोवती बर्फात उभी राहिली. कसली माणसं आहेत गं आपली! मला इतका अभिमान वाटला की रडूच आलं.

तुझी,
ब्रोनिया

ता. क. खुर्ची आता प्रदर्शनातच राहणार. तिची जोडीची तुझ्याकडे आहे, ती पाठवून दे.

आणखी ता. क. पाठवू नकोस, घेऊन ये. दारासमोरची जागा मी उपसलीय आणि खुर्ची नाही म्हणून इस्त्रीचं टेबल ठेवलंय. गल्ली हसते, पण गाडी कुणी लावत नाही. काझिकने विचारलं, "कुणासाठी?" मी म्हटलं, ताई येतेय.