विकाऊ घराची वास्तुशांत

५ फेब्रुवारी १९९५

रंग झाला एकदाचा! स्वयंपाकघर बदामी, बाकी सगळं पांढरं. मी म्हटलं होतं, आकाशी द्या. चारू म्हणाली, “आकाशी दवाखान्याला.” झालं, आमचं मत तिथेच संपलं.

पण इथे तरी खरं लिहावं. दारात उभा राहून बघतच राहिलो. दिवाळीत तिने उज्जैनच्या फ्रीगंज बाजारामागच्या गल्लीतलं हे घर पहिल्यांदा दाखवलं तेव्हा आत कबुतरं आणि न्हाणीच्या भिंतीत पिंपळ! आणि ही माझी बायको म्हणते, “घेऊ, नीट करू, विकू.” आमच्या सात पिढ्यांत कुणी धंदा केला नाही. शिंद्यांच्या दरबारात कारकुनी, मग सरकारात कारकुनी, मी बँकेत कारकून. चारूने शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडली, पाटल्या मोडल्या आणि पदर खोचला.

देवास गेटच्या दुकानांत ती नळांच्या भावावरून हुज्जत घालते तेव्हा मी दोन दुकानं सोडून उभा राहतो. आधी लाज वाटायची म्हणून. आता जरा लांबून ऐकायला जास्त मजा येते म्हणून.

१० फेब्रुवारी

आज वास्तुशांत. चारूचाच हट्ट – “भिंती फोडल्या, पिंपळ उपटला, कबुतरांची घरटी गेली. शांत केल्याशिवाय घर दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं? मला नाही जमणार.” मग मी सोवळं नेसून पाटावर, ती शेजारी. आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुष पुरला, दूध उतू घालवलं, दुपारी पुरणपोळी. आमचा सगळा मराठी गोतावळा जेवून गेला. घर काय दिसत होतं!

बँकेतला प्रभाकर तेवढा जाता जाता म्हणाला, “विकायच्या घराची वास्तुशांत! लग्न लावून मग मुलगी दाखवणार की काय?” सगळे हसले. मीही हसलो.

५ मार्च

पहिलं गिऱ्हाईक. कापडाचे व्यापारी, सपत्नीक. बाईंनी मोरीचा नळ दोनदा सोडून पाहिला, पूर्वेच्या नव्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. मी मनात पेढे वाटायला घेतले.

तेवढ्यात शेजारच्या शोभा वहिनी कुंपणावरून – “गृहप्रवेश में क्या पूरणपोळी बनी थी, भाभी!” त्यांच्या मनात काही नाही, कौतुकच. पण शेठजींचा चेहरा बदलला. “गृहप्रवेश कर लिया? तो फिर बेच क्यों रहे हो?” आणि भिंतींकडे असे बघायला लागले जणू आत कुणी बसलंय. “सोच के बताते हैं” म्हणून गेले.

१४ मार्च

आजचेही गेले. परवाचेही गेले होते. गल्लीत बोलणं सुरू झालंय – “कोई बात है उस घर में. पूजा करवाई, फिर भी नहीं टिके.”

दलाल हात जोडून म्हणाला, “भाभीजी, गृहप्रवेश करके आपने ताला डाल दिया. इधर जो गृहप्रवेश करता है, वो रहता है.” आम्ही ताट स्वच्छ धुऊन पुढे केलं, लोकांना ते उष्टं वाटलं! चूक तरी काय म्हणावी? असली चूक करायला माणूस चारूइतकाच सरळ असावा लागतो.

आज जेवली नाही. “पुन्हा शाळेत विचारीन,” एवढंच म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. मला तिचं ते वाक्य अजिबात सहन झालं नाही.

१५ मार्च

सकाळी उठतो तो चारू गाद्या गुंडाळतेय!

“अहो, लोक म्हणतात ना, टिकले नाहीत? मग टिकून दाखवू या. गिऱ्हाईक येईल तेव्हा घरात स्वयंपाकाचा वास आला पाहिजे.”

हातगाडीवर स्टोव्ह, डबे, देव्हारा, मी. आमच्या भाड्याच्या खोल्यांना कुलूप. धन्य आहे!

२५ मार्च

रंगपंचमीचा रंग अजून कानामागे आहे. चारूने मुद्दाम सगळ्या गल्लीला अंगणात बोलावलं होतं. “घाबरता त्या घरात येऊन भिजा,” म्हणे. आले, भिजले, भजी खाऊन गेले.

राहिल्यावर तिला घराच्या खोड्या कळल्या. न्हाणीचं दार ओट्याला अडायचं – उलटीकडून लावून घेतलं. माझ्यासारख्याला असं दार दहा वर्षं अडलं असतं आणि मी दहा वर्षं तिरका चाललो असतो.

१ एप्रिल

कागद हातात आला तेव्हा वाटलं, कुणी एप्रिल फूल करतंय. ऑफिसर! तीनदा परीक्षा दिली, आता कुठे पास. पोस्टिंग नीमच, एक मेपासून.

चारूने देवापुढे साखर ठेवली, मला ओवाळलं. मग म्हणाली, “तोवर घर विकलं जाईल. मग जाऊ. एक केलं ना, हौस फिटली.”

हौस! माधवनगरकडे जाताना एका पडक्या बंगलीपाशी ती मला स्कूटर हळू करायला लावते, रोज. आज संध्याकाळी त्याच रस्त्याने आलो. तिने मानही वळवली नाही. नीमचला कोण ओळखतं तिला? इथे गवंडी, सुतार, दुकानदार, सगळे आता तिच्या शब्दावर चालतात.

१२ एप्रिल

मंडीतल्या मूंदडांच्या आई आल्या. न सांगता, भर दुपारी, एकट्या. मी सुट्टी म्हणून बनियनवर. थेट स्वयंपाकघरात जाऊन खिडकीखाली बसल्या. चारूने पोहे केले. खाऊन झाल्यावर म्हातारीने तोफ डागली, “बहू, सच बोलना. यहाँ रात को नींद आती है?”

चारू म्हणाली, “मुझे नहीं आती, माँजी.”

मी गार! सौदा गेला!

“इनके खर्राटों के मारे. शोभा भाभी से पूछ लो, दीवार पार जाते हैं.”

म्हातारी ठसका लागेपर्यंत हसली. “जिस घर में आदमी ऐसे सोए, उसमें क्या खोट! हमारा मुहूरत हम अलग निकालेंगे.” जाताना चारूच्या डोक्यावर हात ठेवला.

माझं घोरणं कामाला आलं. पण ते वेळेवर सांगायची अक्कल कुणाची?

१७ एप्रिल

सौदा झाला, चांगला झाला! मूंदडा शेठ म्हणाले, “भाभीजी, हमारी बहन को भी ऐसा ही मकान चाहिए.” चारू गोड हसली. “हम तो नीमच जा रहे हैं, भैया.”

मी म्हटलं, आधी तुझ्या पाटल्या करू. म्हणाली, “करू की, नीमचला सराफ असतीलच.” आवाज कसा कोरडा! मला नाही आवडला.

१९ एप्रिल

आज साहेबांना लिहून दिलं – प्रमोशन नको. ते म्हणाले, “पागल हो गए हो? कारण क्या है?” म्हटलं, “पत्नी का कारोबार उज्जैन में है, साब.” हे वाक्य आमच्या घराण्यात पहिल्यांदाच कुणी बोललं असेल.

चारू आत नीमचसाठी ट्रंका भरतेय. हे पान पुरं झालं की सांगायला जातो.