घरात माणसं किती?

आदरणीय ताईस, धाकट्याचा लांबूनच वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? उगाच जिने चढू नकोस. इकडे सगळे मजेत (चिमणीचा खोकला सोडून, खोलीच्या भिंतीला बारा महिने ओल, त्याला लेकरू तरी काय करणार?). दाजींची काळजी नको. तू त्यांना घराबाहेर काढल्यापासून, म्हणजे ते स्वतःहून चार दिवस हवापालटाला आल्यापासून, त्यांची तब्येत चांगलीच सुधारली आहे. खोलीतल्या एकुलत्या एका कोरड्या कोपऱ्यात त्यांची गादी आहे.

तर झालं असं की, सरकारी भाड्याच्या घरांसाठी अर्ज घेणं सुरू झालं. दोन खोल्या, भरपूर ऊन आणि भाडं ज्याच्या त्याच्या कमाईच्या मानाने. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारांच्या किल्ल्या घासणाऱ्या मला स्वतःच्या दाराची किल्ली मिळण्याची ही पहिलीच संधी, म्हणून मी कचेरीत निघालो. "साहेबलोकांशी बोलायची तुला अक्कल नाही, मी येतो," असं म्हणून दाजीही निघाले. उभी हयात विजेचे मीटर तपासण्यात गेल्यामुळे प्रत्येक सरकारी खुर्चीशी आपलं जवळचं नातं आहे, असं त्यांना वाटतं (आत शिरताच त्यांनी भर दुपारी जळणारे दिवे बंद केले. त्या दिव्यांखाली एक साहेब काहीतरी वाचत होते. तुझ्या मैत्रिणी गप्पा मारत बसलेल्या असताना दाजींनी दिवा मालवला म्हणून तू का भडकलीस, ते मला तेव्हा कळलं).

खिडकीपलीकडच्या बाई सज्जन होत्या. महिन्याची कमाई किती, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत दाजींनी माझी कमाई दुप्पट करून टाकली. त्यांचा तरी काय दोष? परक्याने कमाई विचारली की ती फुगवूनच सांगायची, ही आपल्यातली रीत. तुझं लग्न ठरताना त्यांनी स्वतःची अशीच सांगितली होती आणि आपल्या बाबांनी आपली (दोन्हीकडचे सारखेच फसले, म्हणून कोणालाच बोलायला तोंड उरलं नाही). पण इथला न्याय उलटा. कमाई जितकी जास्त, तितकं घर लांब. मी हे त्यांच्या कानात सांगितलं, तसे ते घाईघाईने म्हणाले, "छे हो बाई, याची कसली कमाई! घर तर माझ्या पेन्शनवर चालतं!"

बाईंनी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. एका घरात राहणाऱ्या सगळ्यांची कमाई एकत्र धरतात, पेन्शनसुद्धा, आणि तीही हातात पडते ती नव्हे, कापाकापीच्या आधीची. मर्यादा ठरते घरातल्या माणसांच्या संख्येवर. दाजी धरले तर आम्ही मर्यादेच्या बाहेर, वगळले तर आरामात आत. (आपल्यावर एवढं अवलंबून आहे हे ऐकून दाजी खूश.) मी म्हणालो, हे पाहुणे आहेत. बाईंनी विचारलं, कधीपासून? आणि जन्मभर हवा तेवढा फुगा फुगवणाऱ्या दाजींना नेमकं तेव्हाच खरं बोलायची बुद्धी झाली. "गेल्या उन्हाळ्यापासून," ते म्हणाले.

पण बाई म्हणाल्या, अर्ज अजून कोराच आहे, काही बिघडलेलं नाही. महिनाअखेरपर्यंत जे खरं असेल ते लिहून आणा. पाहुणा आपल्या घरी परतला की त्याला आम्ही मोजत नाही. ताई, मी शीळ घालत घरी आलो. चिमणीने तर नव्या घरातली झोपायची जागाही ठरवून टाकली. खिडकीजवळ.

तुझ्या गुडघ्यांना जप.

तुझा धाकटा

ता. क. दाजींना परत घे. पाया पडतो. माणसं बसलेली असताना दिवा मालवणार नाही, असं मी त्यांच्याकडून वदवून घेतलं आहे.

आणखी एक ता. क. पत्र पेटीत टाकायला दाजींकडे दिलं, तर त्यांनी पाकीट उघडून सगळं वाचलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते बराच वेळ चिमणीच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "तिकिटाचा खर्च कशाला, मीच नेऊन देतो." आता ते पिशवी भरताहेत आणि चिमणी रडते आहे. नव्या घरात पाहुणे आलेले चालतात, हे मी बाईंना विचारून ठेवलं आहे. दोघंही या.

पत्र दाराखालून आत आलं असेल, तर दाजी बाहेरच उभे आहेत. बेल वाजवायचे नाहीत, वीज फुकट जळते. दार उघड.