तिसऱ्या भागाची नक्कल

मुरुम, शुक्रवार, १३ जून २०२५

युवराज,

मामा-मामींना नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. अप्पांचा गुडघा आता कमी दुखतो. सोयाबीनचं बियाणं आणून ठेवलंय. मामींच्या दाढेचं काय झालं ते कळव. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पाकीट तुझ्या बहिणीच्या, शिवांजलीच्या हाती देते.

काम असं आहे. दवाखान्यांच्या मोफत सॉफ्टवेअरची आपली मेलिंग लिस्ट आहे ना, तिच्या जुन्या मेल भागाभागांत साठवणारा मूळ सर्व्हर मंगळवारी बंद पडला; नव्या मेलची ये-जा मात्र चालू आहे. जुन्या मेलची पूर्ण नक्कल कोणाकडे आहे, असं तिथल्या लोकांनी विचारलं. मी लगेच लिहिलं, "माझ्याकडे आहे." उघडून पाहिलं ते नंतर. पहिले दोन भाग आहेत, तिसरा नाही.

ही नक्कल आपण दोघांनी बसवली होती, तुझ्या उमरग्याच्या दवाखान्यातल्या मशीनवर आणि माझ्या मशीनवर. मूळ सर्व्हरवर जेवढे भाग असतील तेवढे आपल्या गिटच्या साठ्यात आपोआप यावेत, असं तू तुझ्याकडं केलंस. मला ती ढिलाई वाटली. नको ते काही येऊ नये म्हणून मी माझ्याकडं तेव्हाच्या दोन्ही भागांची नावं हातानं घातली. फेब्रुवारीत दुसरा भाग भरला आणि नव्या मेल तिसऱ्यात जाऊ लागल्या. माझं मशीन मात्र रोज सकाळी सांगायचं, नवीन काही नाही. मी निवांत चहा प्यायचे.

आईला सांगितलं तर म्हणाली, "नवं काय न्हाय म्हंजी चांगलंच की गं. आपल्या घरात नवं झालं की घोरच लागतो."

सॉफ्टवेअरमधला लहान मुलांच्या औषधाच्या डोसचा हिशेब का बदलला, ती सगळी चर्चा तिसऱ्या भागात आहे. ती गेली तर उद्या कोणीतरी चूक समजून जुने आकडे परत घालील.

सोमवारी मूळ सर्व्हर जुन्या बॅकअपवरून सुरू होणार आहे. त्यात तिसरा भाग नाही. तिकडं जे नसेल ते तुझं मशीन स्वतःकडूनही काढून टाकतं. म्हणून त्याआधी त्याचं आपोआप आणणं बंद कर, आणि तिसरा भाग पेनड्राइव्हवर घेऊन शिवांजलीकडं दे.

इथंच थांबणार होते. पण मग तुला वाटेल, काम पडलं म्हणून गोड बोलते. दिवाळीत मामींनी सगळ्यांसमोर लग्नाचं विचारलं, तेव्हा मी नाही म्हटलं. मामी म्हणाल्या, "नणंदेची लेक, हक्काची सून. शिकली अन् लई शहाणी झाली. मशीनशीच लाव म्हणावं लगीन!" सगळे हसले. तू हसला नाहीस, ते मी पाहिलं.

तुझ्यात मी खोट काढली नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पुढं काय करायचं ते विचारायलाही कोणी नाही. पण लहानपणीच इतरांनी ठरवलेल्याला हो म्हणणं मला जमत नाही. उत्तर आजही तेच आहे. तू तिसरा भाग दिलास तरी तेच राहील. देण्याआधी तुला हे माहीत असावं.

माझी नक्कल अपुरी आहे, असं आज सकाळी लिस्टवर कळवलं. आणखी कोणाकडे असेल का, असं त्यांनी विचारलं. तुझं नाव सांगितलं नाही. रविवारपर्यंत काही आलं नाही, तर तिसरा भाग गेला असं मी लिहीन. तुला विचारलं होतं, हे लिहिणार नाही.

काही झालं तरी तुझ्या आत्याचीच लेक,
मोनिका