पाळकाला सतरंजीवर जागा

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
कृपाछाया ख्रिस्ती मंडळी संघ, वाशिम.

अर्जदार : जगदेव पौलस इंगोले, पाळक, मु. पो. कामरगाव, ता. कारंजा.

विषय : गुरुवारच्या गटबैठकीत अर्जदारास इतरांसारखे दुःख सांगावयास मिळणेबाबत.
संदर्भ : सदर बैठक आदर्श ठरवणारे आपले पत्र.

महोदय,

१. एकट्याला सोसत नाही ते माणूस गटात बसून सोसतो, असे आपल्या समूह मानसशास्त्राच्या शिबिरात शिकवले गेले. ते खरे निघाले. अर्जदाराने चर्चमध्ये सतरंजी अंथरून मंडळीला गोल बसवले. प्रथम कोणी तोंड उघडेना, म्हणून शिबिरातल्या सूचनेप्रमाणे अर्जदार स्वतःच नमुना देई. 'मी भावावर रागावलो आहे,' असे सांगे. अर्जदारास भाऊ नाही हे सगळ्यांना ठाऊक, तरी लोकांना धीर आला. मुलाने संबंध तोडलेल्या धुरपताबाईसुद्धा बोलत्या झाल्या.

२. ऑगस्टमध्ये अर्जदाराची पत्नी भागिरथा वारली. मंडळीने काही कमी केले नाही, महिनाभर घरोघरचे डबे आले. परंतु तेव्हापासून अर्जदारास प्रार्थना होत नाही. ओठ हलतात, आत काही हलत नाही. पाळकाने हे सांगावे कोणाला? म्हणून त्याने ते गटातच सांगितले. सर्वांनी शांतपणे ऐकले. मग धुरपताबाई म्हणाल्या, "आज नमुना लय चांगला देल्ला साहेबानं. आता कोन बोलते?"

३. पुढल्या गुरुवारी अर्जदाराने हा नमुना नव्हे असे स्पष्ट केले. तोही नमुनाच ठरला. अर्जदारास रडू कोसळले, तर गटातल्या गोमतीबाई शेजारणीला म्हणाल्या, "साहेब रडून दाखवून राह्यले, तू कायले लाजतं?" मग सगळी सतरंजी रडू लागली आणि अर्जदारासच उठून सर्वांना पाणी द्यावे लागले. गट ज्याला जी जागा देतो तिथून त्याला हलू देत नाही, असे शिबिरात सांगितले होते. अर्जदाराने तेव्हा मान डोलावली होती.

४. आपले निरीक्षक त्या दिवशी हजर होते. फाटकाशी गाठून अर्जदाराने त्यांना खरे सांगितले, तेव्हा त्यांनी पाठ थोपटली. त्यांच्या अहवालावरून आपण अर्जदारास इतर पाळकांचा शिक्षक नेमले.

५. मंडळीवर अर्जदाराचा राग नाही. बैठक बंद करावी तर धुरपताबाईंनी जावे कुठे? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली आहे. तरी नेमणूक रद्द करावी व अर्जदारास शेलूबाजारच्या मंडळीच्या बैठकीत साधा माणूस म्हणून बसू द्यावे.

६. तेही नियमात बसत नसल्यास आपण एकदा कामरगावला यावे. चर्चमध्ये नको, घरी यावे. अर्जदारासाठी प्रार्थना आपण म्हणावी. तो फक्त डोळे मिटून बसेल.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
जगदेव पौलस इंगोले
कामरगाव, दि. १४ नोव्हेंबर २०२४