शेवटच्या भजनानंतरची दोन मिनिटं

पडाव, ग्वाल्हेर

प्रिय कुंदा,
ताईचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. गुडघा बरा आहे, खोली स्टेशनजवळच मिळाली. तुझी धाप कशी आहे? औषध चुकवू नकोस.

तुझ्या भजनसभेला मैदान भरलं होतं, मुली सुरेल गायल्या. पण तुझा लेक यशोधन लढाईत गेल्यावर तू शांततेसाठी ही सभा सुरू केलीस, हे कुणी सांगितलं नाही. फलकावर ‘शांतता’ होती, तिथे आता एका बिल्डरचं हसरं तोंड आहे.

आणि तुझी रीत! इतकी वर्षं शेवटच्या भजनानंतर टाळी नाही, दोन मिनिटं मौन. यंदा निवेदक ओरडला, “जोरदार तालियाँ! माहौल ठंडा मत होने दीजिए!”

मी म्हटलं, “बेटा, यहाँ चुप रहते हैं.”

“आंटीजी, प्रोग्राम खत्म. घर जाइए.”

गेले नाही. कॉन्व्हेंटात उभं करायचे तशी ताठ उभी राहिले. भोवती खुर्च्यांची आवराआवर चालली होती. माझी खुर्ची मागायला आले, तेव्हा नुसता हात वर केला.

दोन्ही मिनिटं एकटीने पुरी केली, कुंदा. यशोधनच्या फोटोपुढे एवढंच सांग. टाळ्यांचं सांगू नकोस.

तुझी, अजून धुमसणारी,
ताई