चार ते सव्वाचारची खरखर

अहो,

‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. चाळीस वर्षांत तोंडाने कधी म्हटलं नाही, आता कागदावर काय म्हणायचं! चौथी शिकलेली बाई मी, ऱ्हस्वदीर्घ चुकणारच. हसू नका.

पत्र आजच लिहायचं कारण, काल तुमच्या स्पीकरचा फॉल्ट सापडला. तुमच्या नातीने शोधला, तनूने. कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्सला होतात, एकही फॉल्ट न सापडता राहिला नाही म्हणून मिरवायचात, आणि घरातली खरखर तशीच टाकून गेलात, असं मला काल चार वाजेपर्यंत वाटत होतं.

दीड महिना झाला तुम्हाला जाऊन. मला रडू आलेलं नाही. लोक येतात, पाठीवर हात ठेवतात, आणि मी त्यांना विचारते, साखर किती घालू? मांडी घालून फार वेळ बसलं की पाय कसा आपला वाटेनासा होतो, तशी मी सगळीच झालेय. दुखत काही नाही.

स्पीकरचं सांगत होते. मस्कतहून भाच्याने खोकं पाठवलं तेव्हा मी किती नाचले होते, आठवतं? त्यात तुम्हाला बिनवायरचे स्पीकर आणि मला बिनवायरचा फोन! ठाकुर्लीत आपल्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये तसला फोन कुणाकडे नव्हता. मी तो कमरेला खोचून भाजी निवडायचे. तुम्ही म्हणायचात, “इन्स्पेक्टरीण बाई, चहा मिळेल का?”

कॉम्प्युटर आतल्या खोलीत, स्पीकर बाहेर तुमच्या आरामखुर्चीजवळ. दुपारची झोप झाली की तुम्ही भजनांची सीडी लावायचात. आणि चार वाजले की खर्रर्र सुरू.

“अगं, चार वाजले की याला ताप येतो बघ!”

मग काय, तुमची ती वही निघाली. कारखान्यात ठेवायचात तशी. वायरी तपासल्या, सेल बदलले, टीव्ही लांब सरकवला. शेजारणीच्या मिक्सरवर संशय घेतलात. बिचारीला चारला चटणी वाटू नका म्हणून सांगून आलात! ती अजून मला टोमणा मारते. मग रुळांवरच्या तारांना बोल लावलात.

आणि मी कुठे असायचे हो चारला? स्वयंपाकघरात. दार लोटून, फोन कानाला लावून.

आपल्या शालूशी बोलत.

तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, खाडीवरच्या कोळ्यांच्या घरात गेली. तुम्ही म्हणालात, या घरात तिचं नाव निघणार नाही. नाही निघालं. सात वर्षं. पण आपल्याकडे फोन आल्यापासून ती सासरहून, दिव्याहून फोन करायची. पाणी भरून झालं की बूथवर यायची, रोज चारला. रविवारी नाही, रविवारी तिचा भाऊ, आपला दिलीप, घरी असतो. तुम्ही विचारायचात, कोण? मी म्हणायचे, सुमन, फॉल लावायचं विचारतेय. एका साडीला किती फॉल लावले मी, देवालाच ठाऊक!

बोलणं तरी काय मोठं? सुकट कशी परतायची, तिच्या सासूची रीत. तुम्ही दोनदा मागून घेतलीत ती सुकट. म्हणालात, “म्हातारपणी हाताला चव आली तुझ्या.” तेव्हाच सांगायला हवं होतं का हो?

काल तनूचा क्लास नव्हता. तिने स्पीकर लावला. चारला फोन वाजला, मी घेऊन आत गेले. बोलून झालं तशी पोरगी दारात उभी.

“आजी, फोनचं बटण दाब परत.”

“कशाला गं?”

“दाब तर!”

दाबलं. बाहेर खर्रर्र. बंद केलं, गप्प. परत दाबलं, खर्रर्र. पाच वेळा केलं तिने. “आजी, खरखर म्हणजे तू आहेस!” म्हणून हसत सुटली. मीपण हसले. हसू येतं मला, तेवढं अजून येतं.

मग तिने तुमची वही काढली, आजोबांचा फॉल्ट निघाला असं त्यात लिहायला. आणि वाचायला लागली. मोठ्याने.

सोमवार, चार ते सव्वाचार, वायर ठीक. मंगळवार, सेल बदलले, तरी आहे. रविवार, नाही. असं पानभर. मग एका पानावर एकच शब्द: फोन. खाली दोन रेघा.

तनू म्हणाली, “आजोबांना कळलं होतं की!”

त्याच्यापुढे दुरुस्ती काही नाही. नुसत्या वेळा. चार ते चार दहा. चार ते चार वीस. मग: आज नाही. आज नाही. आज नाही, विचारावं?

शालूच्या धाकट्याला दवाखान्यात ठेवलं होतं ते तीन दिवस. तिसऱ्या दिवशी तुम्ही चहा घेता घेता म्हणालात, “सगळं ठीक आहे ना?” मी म्हटलं, कुणाचं? तुम्ही म्हणालात, “सगळ्यांचंच.” आणि मी मूर्ख म्हणाले, “ठीकच की!”

त्याच्याखाली लिहिलंय: साडेचारपर्यंत. आली.

तनू म्हणाली, “खरखर आली, असं लिहिलंय.” मी म्हटलं, हो बाई, खरखरच.

स्पीकरच्या मागे बोटभर बटण आहे. एकचं दोन केलं की खरखर जाते. तनूला दोन मिनिटांत दिसलं. तुम्हाला दिसलं नसेल? मला सांगू नका! शेवटी शेवटी तर चारला तुम्ही भजन बंद करायचात आणि नुसत्या खरखरीजवळ बसायचात. मी म्हटलं, म्हातारा चळला. त्यातून तिचा आवाज यायचा का हो? तनू म्हणते, शब्द येत नाहीत, शक्यच नाही.

‘विचारावं?’ असं वहीला विचारलंत. मी भिंतीपलीकडे होते. मला विचारलं असतंत, तर मी फोन तुमच्या कानाला लावला असता. पण दार मीच लोटून घ्यायचे, तेही खरं.

तेराव्याला शालू आली होती, जिन्यातच उभी राहिली. मला म्हणाली, “बाबांनी कधी माझं नाव काढलं का गं?” मी म्हटलं, काढायचे की. तिला कळलं खोटं आहे. काही न खाता गेली.

तेव्हा आता ऐका. आज चारला फोन आला की मी तिला घरी बोलावणार, रविवारी, दिलीपच्या देखत. बाहेरच्या खोलीत बसवणार, आणि वही तिच्या हातात देणार. तिची ती वाचेल. वाचून होईस्तोवर मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. माझ्याच्याने होईल का, तुम्हाला शंका आहे ना? मलाही आहे. पण वचन देते.

तुमची,
शालूची आई