मुस्तीचा मानाचा घास

रविवार, २० ऑक्टोबर

प्रिय लेम्पी आत्या,

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की शिकारीच्या तळावर मुस्ती कुत्र्याला मूस हरणाचं कच्चं फुप्फुस इल्मोने घातलं. ते चूक होतं. इल्मोने फक्त मुस्तीचा पट्टा धरला होता. सुरी बाबांच्या हातात होती आणि तुकडाही त्यांनीच टाकला. माझं पत्र वाचून तू इल्मोला फोनवर चांगलं फैलावर घेतलंस म्हणे. काल त्याने मला गाठलं, "बाबांचं पाप माझ्या नावावर कशाला खपवतेस गं?" मी शेकोटीच्या पलीकडे होते, धूर डोळ्यांत जात होता, आणि दोघांच्या डोक्यावर शिकारीच्या सारख्याच केशरी टोप्या. पण जे नीट दिसलं नव्हतं ते पाहिल्यासारखं लिहिलं, ते लिहिलंच. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून तू मला लिहायला शिकवलंस तेव्हा तुझा नियम होता: पाहिलेलं एका ओळीत, वाटलेलं दुसऱ्या ओळीत. मी दोन्ही ओळी एक केल्या. भावाची माफी मागितली आहे. राग मात्र तेवढाच आहे, त्याने फक्त माणूस बदललाय.

इल्मोच्या बाबतीत न्यायाने बोलायचं तर घरी तो कुत्र्यांना कच्चं घालतो त्यात मला काही गैर वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने हे खूळ काढलं. "लांडगा काय चूल पेटवतो?" हे त्याचं सगळं शास्त्र. पण त्याच्या तळघरातल्या मोठ्या फ्रीजरमध्ये मांस आठवडेच्या आठवडे दगडासारखं पडलेलं असतं, मग ते वितळवून कुत्र्यांपुढे येतं. इतक्या दिवसांच्या गारठ्यात किडा असला तरी मरतो. घोळ झाला तो तळावर. तलावाकाठच्या लाकडी आडोशात आम्ही चार जण होतो, बाबा, इल्मो, त्याची छोटी इंका आणि मी. दिवसभर जंगलात पळून आलेल्या कुत्र्यांनी बर्फाच्या पेटीतलं मांस दुसऱ्याच दिवशी फस्त केलं. तिसऱ्या दिवशी बाबांनी मूस पाडलं आणि इल्मो खुशीत म्हणाला, "घ्या, याहून ताजं काय असणार!" त्याला ताजं म्हणजे चांगलं वाटतं. घरी त्याच्या कुत्र्यांना कच्च्या मांसाने नाही, फ्रीजरने वाचवलं होतं, हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

फुप्फुस उघडलं तेव्हा मी जवळ होते. हे पाहिलेलं आहे, वाटलेलं नाही. आत पांढरट फोड होते, गोटीएवढे, पाण्याने टच्च भरलेले. मी म्हटलं, "बाबा, हे कुत्र्यांना नको, खोल पुरून टाका." ते हसले. "आल्या पुस्तकातल्या बाई! ज्या कुत्र्याने जनावर अडवून धरलं त्याला फुप्फुसाचा पहिला घास, गरम असतानाच. माझ्या आजोबांपासून चालत आलंय. काय झालं आजवर कुठल्या कुत्र्याला?" त्यात मुस्ती शेपूट हलवत असा उभा, की जणू माझ्याविरुद्ध साक्षच देतोय. मी सांगत होते, कुत्र्याला काहीच होत नाही, तीच तर फसगत आहे. किडा त्याच्या पोटात सुखाने वाढतो, अंडी त्याच्या विष्ठेतून केसांना आणि तोंडाला लागतात, आणि फोड होतात ते माणसाला. "बरं, बरं," बाबा म्हणाले, "तू आपली बटाटे सोल." मी शेकोटीपलीकडे बटाट्यांकडे गेले, तोवर घास पडलाच. धुरातून दिसलं ते एवढंच, की मुस्तीने तो चावलासुद्धा नाही, गिळला.

इंका चार वर्षांची आहे, आत्या. तळावर ती मुस्तीला मिठी मारून एकाच झोपायच्या पिशवीत झोपते. सकाळी तो तिचं तोंड चाटून तिला उठवतो आणि सगळे कौतुकाने फोटो काढतात. घरी परतल्यावर मी कुत्र्याच्या जंतांवरच्या गोळ्या आणून दिल्या. इल्मोने काल कबूल केलं की त्याने त्या मुस्तीला वेळेवर दिल्या, लोण्यात लपवून. "पण बाबांना कळू देऊ नकोस हं, उगाच घरात वादळ नको." सांग, याला काय म्हणावं? तीस वर्षांचा बाप्या, मुलीचा जीव जपायचा तोही बापाच्या चोरून! आणि कुत्रा एक नाही, शिकारी मंडळात दहा-बारा आहेत. त्यांच्या घरी लोण्यात गोळी कोण लपवणार?

आता गावजेवण येतंय. ज्यांच्या रानात शिकार झाली त्या सगळ्यांना मंडळाच्या सभागृहात मूसचं सूप आणि सातूची भाकरी. तू कधीच येत नाहीस, म्हणून तुला माहीत नसेल, बाबांनी त्यात एक नवा प्रकार घुसवलाय. वर्षातल्या सगळ्यात चांगल्या कुत्र्याला मंचावर बोलावून मानाचा घास देतात, त्याच सकाळच्या शिकारीतला, कच्चा. मग पोरं रांगेने त्याला कुरवाळतात. या वर्षी मान मुस्तीचा, आणि ताटली घेऊन जाणार इंका. तिच्यासाठी लाल झगासुद्धा शिवायला टाकलाय. मी बाबांना पुन्हा म्हटलं, निदान घास उकडून द्या. तर म्हणतात, "उकडलेला मान कधी असतो का?" चारचौघांत त्यांचं हसं होईल याची त्यांना काळजी. मला रात्र-रात्र डोळा लागत नाही, हात धुऊन धुऊन बोटांना भेगा पडल्यात, आणि घरात सगळे म्हणतात, साइमी लहानपणापासून घाबरटच.

घाबरट मी आहेच. पण काही गोष्टी आता एकेक करून जुळताहेत. तू गाणं शिकवताना दोन ओळी म्हणून थांबायचीस आणि पुढचं मला म्हणायला लावायचीस. मला वाटायचं, तो शिकवण्याचाच भाग. मी कुत्र्याला हात लावला की तू साबण घेऊन मागे धावायचीस, आणि बाबा म्हणायचे, "आलं आमच्या लेम्पीचं सोवळं!" सौनात, त्या वाफेच्या न्हाणीघरात, तुझ्या काखेपासून बरगड्यांवरून पाठीपर्यंत गेलेला तो व्रण आम्हा सगळ्यांना पाठ होता. लहानपणी न्यूमोनिया झाला होता, पाणी काढलं, एवढंच आम्हाला सांगितलेलं.

त्या संध्याकाळी तळावर मी गप्प बसले नाही. मी म्हटलं, उद्या इंकाच्या छातीत असा फोड झाला तर? तेव्हा बाबा चिडून ओरडले, "लेम्पी मेली का त्याने? जगतेच आहे ना अजून!" आणि मग स्वतःच दचकून शेकोटीत लाकूड सारत बसले. इल्मोने मान खाली घातली. म्हणजे बाबांना माहीत होतं, आत्या. आजोबांनी घास टाकला, तू कुत्र्याला मिठी मारलीस, तुझं अर्धं फुप्फुस गेलं, आणि आजोबांचा मान राखायला सगळ्या घराने त्याचा न्यूमोनिया केला. तूसुद्धा. त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही. तेव्हा तू लहान होतीस आणि तुझ्या बाजूने उठणारं कुणी नव्हतं. इंकाच्या बाजूने मी आहे. म्हणून हे पत्र. घास मंचावर जाण्याआधी मी उठणार आहे. तळावर पाहिलेलं सांगेन, वाटलेलं नाही. तुझा व्रण तुझा आहे. तू नाही म्हणालीस तर तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. पण हो म्हणालीस, किंवा स्वतः येऊन माझ्या शेजारी नुसती बसलीस, तर मला बळ येईल. उत्तर आलं नाही तरी मी उठेन. शनिवारी, नऊ नोव्हेंबरला.

तुझीच, अजून तुझ्याच टेबलाशी शिकणारी,
साइमी